सेकंड माल

बावीस वर्षं मी दोष शोधते.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, शेड नंबर नऊ,
दोन ट्यूबलाइटखाली पांढरं टेबल,
त्यावरून सरकणाऱ्या चादरी
आणि माझ्या हातात लाल मेणखडू.
तुटलेली तार, सैल बाणा, तेलाचा डाग,
जिथे बोट अडखळेल तिथे फुली.
तीन फुल्या म्हणजे सेकंड.
सेकंड किलोवर जातो.

घरीही तेच.
भाकरी कुठे फुगली नाही ते आधी दिसतं,
भाकरी नंतर.
नवरा जाऊन सहा वर्षं झाली,
फोटोत मला अजून
त्याच्या शर्टाचं उलटं शिवलेलं बटणच दिसतं.
रविवारी शेवटच्या बाकावर,
सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना
मी छताचे पोपडे मोजते.

नरसय्या येमूल चार मागांवर एकटा असायचा.
मागच्या दिवाळीआधी त्याच्या तारा चुकू लागल्या.
मोतीबिंदू. मला माहीत होतं.
जेवताना भाकरीचा घास
तो शेजारच्याच्या शेंगाचटणीत बुडवायचा,
कळलं की हसायचा.
मी मुकादमाला काही सांगितलं नाही.
खडूही थांबवला नाही.
एका आठवड्यात चौदा चादरी, बेचाळीस फुल्या,
शनिवारी त्याचा हिशोब झाला.
जाताना म्हणाला, "अक्का, तुमची नजर लई चांगली."
टोमणा असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून प्रभुभोजनाच्या रविवारी
माझं डोकं दुखतं.

आज दुखलं नाही. पण उशीर झाला,
मागची बाकं भरलेली,
रणपिसे मास्तरांनी दंडाला धरून पुढे बसवलं.
समोर मेजावर पांढरी चादर,
काठाला मोरांची रांग.
सवयीनं मोजले.
सातव्याची मान तुटलेली,
आणि शेजारी, धुऊनही न गेलेली,
फिकट गुलाबी
माझी फुली.
बाकीच्या दोन गेल्या असाव्यात.

(पाळकबाई नंतर म्हणाल्या,
मंगळवार बाजारात किलोवर घेतली,
एवढं जड सूत या भावात कुठं मिळतंय!)

शांतवन पाळकांचा हात दोन वर्षं कापतो.
भाकर मोडली, तुकडे लहानमोठे झाले.
प्याला उचलला,
मी मनात म्हटलं, सांडणार,
आणि सांडला.
तळहाताएवढा द्राक्षरस, मोरांवर.
कुणी चकार शब्द काढला नाही,
एक पोरगं तेवढं हसलं.
पाळकही हसले. म्हणाले, "या, बाळांनो, या."

कृपा म्हणजे काय, ते संडे स्कूलमध्ये पाठ होतं:
लायकी नसताना मिळते ती.
त्यातही मला तेव्हा
फक्त 'लायकी' ऐकू आली होती.

मी उठायचं ठरवलं नव्हतं. गुडघे उठले.
मेजापाशी वाकले तर बोट आपोआप
सातव्या मोराकडे गेलं, अडखळलं.
काठ जरा उलटला.
मागे एक गाठ होती.
बारीक, घट्ट,
डोळ्यांनी नव्हे, चिमटीनं चाचपून मारलेली.
त्याला तार तुटल्याचं कळलं होतं.
त्यानं सांधायला घेतलं होतं.
बावीस वर्षांत मी एकही चादर
उलटून पाहिली नव्हती.

माझ्या वाट्याला आलेला तुकडा
एका कडेला करपलेला होता.
पाहिला, होय, तोही पाहिला.
मग खाल्ला.

संध्याकाळी अशोक चौकात विचारत फिरले,
येमूलांचं घर कुठलं?
तिघांनी तीन दिशा दाखवल्या.
पर्समध्ये खडू तसाच होता,
आणि चिठ्ठीवर डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता,
माझ्याच अक्षरात.
दिव्याखाली धरली तेव्हा दिसलं,
'दवाखाना'तला एक काना राहून गेलाय.
राहू दिला.